सुधाकराचा साप, सिंधूची दोरी



वाचक माउली, भक्तीच्या मासिकात नाटकाचे काय काम, असे एखाद्याच्या मनात येईल. येऊ द्या. नाथमहाराजांनी भारुडात जोशी आणला, गोंधळी आणला, वासुदेव आणला, विंचू चावलेला माणूससुद्धा आणला. सोंगातून परमार्थ सांगण्याची वाट आपल्याच घरातली आहे. मी ज्या नाटकाबद्दल लिहिणार आहे ते मात्र भारुड नव्हे. त्यात संत येत नाहीत, देव धावून येत नाही, शेवट गोड होत नाही. तरी चाळीस वर्षे मी ते कीर्तनात दृष्टांताला वापरले, आणि चुकीचे वापरले. आता गळा गेला, कीर्तन सुटले. ही चूक तेवढी लिहून ठेवावी म्हणून हा लेखप्रपंच.

नाटक म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’.

मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. शाहूवाडी तालुक्यात कडवी नदीच्या खोऱ्यात आमचे गाव. यात्रेला हौशी मंडळी नाटक बसवत. पडदे आणि पोशाख कोल्हापूरहून भाड्याने यायचे, उजेडाला गॅसबत्त्या, आणि सिंधूच्या कामाला गावातलाच एक नाजूक अंगाचा शिंपी. त्या काळी दारूबंदी होती, १९४९ चा कायदा होता. म्हणजे कागदावर दारू नव्हती आणि डोंगरातल्या ओढ्यांच्या काठी गूळ-नवसागराच्या भट्ट्या होत्या. मग रंगमंचावरच्या बाटलीत काय भरायचे? तालीम घेणाऱ्या मास्तरांनी सांगितले, कोरा चहा. तो करून बाटलीत भरण्याचे काम माझ्याकडे आले. चुलीवर आधण मी ठेवले, गूळ मी टाकला, फडक्यातून मी गाळला, बाटलीला बूच मी लावले. आणि रात्री पडद्याआड उभा असताना सुधाकराने तो पेला ओठाला लावला, तेव्हा माझेच अंग कापले. मनात म्हणालो, नको रे पिऊ.

पुढे आळंदीला वेदान्ताचे पाठ घेताना गुरुजींनी रज्जुसर्पाचा दृष्टांत सोडवून सांगितला. अंधुक उजेडात दोरी साप भासते. भीती खरी, घाम खरा, पळणे खरे, साप तेवढा खोटा. सगळे विद्यार्थी माना डोलावत होते. मला मात्र तो कोरा चहा आठवत होता. ज्याला दोरी साप भासते त्याला ती दोरी आहे हे ठाऊक नसते. मला तर ठाऊक होते, आणि तरी मी भ्यालो होतो. नुसते ठाऊक असल्याने भ्रम जात नाही, हे मी पोथीआधी त्या बाटलीपाशी शिकलो. या नाटकाचे मर्मही तिथेच आहे, असे आज मला वाटते.

ज्यांनी नाटक पाहिले-वाचले नसेल त्यांच्यासाठी कथा सांगतो. सुधाकर हा गरिबीतून, स्वतःच्या हुशारीवर वर आलेला वकील. पत्नी सिंधू श्रीमंत माहेरची, गुणी, नवऱ्यावर जीव टाकणारी. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि सुधाकराची सनद काही काळ काढून घेतली जाते. तो अपमान त्याला झोपू देत नाही. त्याचा कारकून तळीराम त्याच्या कानाशी लागतो, की एक पेला घ्या, विसर पडेल. तो एक पेला घेतला जातो. मग सनद जाते ती कायमची, पैसा जातो, मित्र जातात. माहेरचा पैसा घ्यायचा नाही म्हणून सिंधू लोकांची दळणे दळते. शेवटी नशेत सुधाकराच्या काठीने तान्हे मूल मरते आणि सिंधू जबर जखमी होते. फौजदार जबानी घ्यायला येतो तेव्हा ती सांगते की मी पडले, यांचा दोष नाही. ती जाते. सुधाकर विष मिसळलेला प्याला घेऊन संपतो.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. नाटकाचा पहिला प्रयोग त्यानंतर महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीला, बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने केला. पदे वि. सी. गुर्जरांची होती. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर. लेखकाने आपले हे नाटक रंगभूमीवर पाहिलेच नाही. त्याआधी दोनच वर्षे, १९१७ साली, जोगमहाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली होती. एकाच महाराष्ट्रात, एकाच सुमारास, एक जण कीर्तनकार घडवत होता आणि दुसरा दारुड्याचे नाटक लिहीत होता. मी त्या दोघांचेही मीठ खाल्ले आहे.

लोक म्हणतात, हे दारूबंदीचे नाटक. मीही तसेच सांगत असे. सप्ताहात व्यसनमुक्तीचा दिवस आला की ‘एकच प्याला’ काढायचा, हे ठरलेले. पण माउली, नाटक नीट वाचा. सुधाकराचा नाश प्याल्यापासून सुरू होत नाही. तो पिण्याआधीच धुंद आहे. ती धुंदी मानाची आहे. मी कोणाच्या आधाराशिवाय उभा राहिलो, मी कोणाचे ऐकून घेणार नाही, हा ‘मी’ त्याला चढलेला आहे. मुन्सफाने केलेला अपमान ही खरे पाहता दोरी आहे. काही महिन्यांची गोष्ट होती. दुसरा कोणी वकील घरी बसला असता, शेतीवाडी पाहिली असती, चार दिवस यात्रेला गेला असता. सुधाकराला त्या दोरीचा साप दिसला. आता आयुष्य संपले, जग हसते आहे, असे त्याला वाटले, आणि त्या सापाला मारायला त्याने प्याला हातात घेतला.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात नाशाची एक साखळी भगवंतांनी सांगितली आहे. विषयाच्या चिंतनातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृती ढळते, बुद्धी जाते आणि माणूस जातो. कीर्तनात मी ही साखळी सुधाकराला पहिल्या कडीपासून लावत असे. ते बसत नाही. दारूचे चिंतन त्याने कधी केले नव्हते, तिचा लोभही नव्हता. तो साखळीत मध्येच शिरला, क्रोधाच्या कडीला. ज्याला चवीचा लोभ आहे तो पेल्याकडे सुखासाठी जातो, आणि सुख पुरेसे मिळाले की कधी तरी थांबूही शकतो. अपमान विसरायला जाणाऱ्याला थांबायची जागाच नसते. पेला उतरला की अपमान जिथे होता तिथेच बसलेला असतो, शिवाय पेल्याची नवी लाज त्याच्या शेजारी येऊन बसते. मायेच्या दोन शक्ती आपण पाठ करतो, आवरण आणि विक्षेप. पहिली झाकते, दुसरी नसलेले दाखवते. पहिल्या पेल्याने अपमान झाकला. पुढच्या पेल्यांनी सुधाकराला बायको शत्रू दाखवली, मित्र शत्रू दाखवले, शेवटी पाळण्यातले मूलसुद्धा.

यात विलक्षण गोष्ट अशी की हे सगळे सुधाकराला कळते. दारू माणसाला पायरी-पायरीने कशी धरते, हे रामलालला समजावून सांगणारा सुधाकरच आहे. व्यसनमुक्तीच्या व्याख्यात्यालाही साधणार नाही इतके नेमके तो बोलतो. म्हणजे दोरीला दोरी म्हणून ओळखणारा हाच, आणि तिला साप समजून मरणाराही हाच. मला इथे माझा कोरा चहा पुन्हा आठवतो. ‘दारू वाईट’ हे ज्याला ठाऊक नाही असा एकही पिणारा मला आजवर भेटलेला नाही. आम्ही कीर्तनकार मात्र तेच तासभर सांगतो, आणि ऐकणारा घरी जाताना वाटेवर वळतो.

मग भ्रम नेमका कुठे आहे? तो नाटकाच्या नावातल्या पहिल्या शब्दात आहे. दारूला दारू म्हणण्यात भ्रम नाही, तिला ‘एकच’ म्हणण्यात आहे. शंभरावा पेलाही माणूस ‘एकच’ म्हणूनच घेतो. गडकऱ्यांनी नाटकाला ‘दारूचे परिणाम’ असे नाव दिले नाही, यातच त्यांची थोरवी मला दिसते. आपल्या संप्रदायात ‘एक’ या शब्दाला किती मान आहे पाहा. एकादशी आहे, एकतारी आहे, एकविध भाव आहे. तो ‘एक’ माणसाला बाकीच्या पसाऱ्यातून सोडवतो, आणि सुधाकराचा ‘एकच’ त्याला पसाऱ्यात ढकलतो. शब्द तोच असतो. म्हणून तर फसायला होते.

तळीरामाबद्दल थोडे सांगायला हवे. या पात्राचे नाव आज मराठीत दारुड्याला पर्याय म्हणून वापरतात, वर्तमानपत्रातही छापतात. यापेक्षा मोठे यश पात्राला काय मिळणार? तळीराम हसवतो. आमच्या गावच्या प्रयोगात सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच होत्या. वकिलाचा कारकून असल्याने तो वकिलीच मांडतो आणि प्रत्येक आक्षेपाला उत्तर तयार ठेवतो. आपण हसतो, आणि हसता हसता त्याच्या बाजूला जाऊन बसतो. हे गडकऱ्यांनी जाणून केले आहे, असे माझे मत. प्रेक्षकाला पहिला घोट तळीरामाच्या हातूनच पाजला जातो. जाणकारांनी या नाटकावर असा ठपका ठेवलेला आहे की विनोद फार झाला, शोकाला उणेपणा आला. मला उलट वाटते. विनोद नसता तर सुधाकर का फसला हे आपल्याला वरवर समजले असते, अंगात भिनले नसते.

त्याचे ‘आर्य मदिरा मंडळ’ तर आपण वारकऱ्यांनी फार बारकाईने पाहण्यासारखे आहे. तिथे शास्त्री आहे, खुदाबक्ष आहे, बाकीची मंडळी आहेत. जातपात नाही, धर्मभेद नाही, सगळे एकमेकांशी गळ्यात गळा घालून. कोणी म्हणेल, हे तर चंद्रभागेचे वाळवंटच झाले! गडकऱ्यांनी वाळवंट मनात धरून ते लिहिले असे मी म्हणणार नाही. पण वाळवंटात वाढलेल्या माणसाला ते वाचताना चपराक बसते. वाळवंटात एक जण दुसऱ्याच्या पायावर डोके ठेवतो, कारण समोरच्यात त्याला देव दिसतो. मंडळात एक जण दुसऱ्याच्या अंगावर कलंडतो, कारण समोर कोण आहे हेच त्याला दिसत नाही. बाहेरून दोन्हीकडे समताच. आमच्या भागात संध्याकाळी स्टँडच्या मागे जी मंडळी जमतात त्यांच्यातही भेदभाव नसतो हे मी पाहिले आहे, आणि खरे सांगायचे तर देवळात तो अजून पुरता गेलेला नाही, हेही पाहिले आहे. तरुण पोरगा देवळापेक्षा तिकडे का ओढला जातो, याचे उत्तर शोधताना ही गोष्ट आपल्याला अडचणीची वाटली तरी टाळता येणार नाही.

रामलालवरही टीका होते. सुधाकराचा हा सज्जन, शिकलेला मित्र शरदला, म्हणजे सुधाकराच्या बालविधवा बहिणीला, मुलीसारखी मानतो आणि एके दिवशी त्याला कळते की आपल्या मायेत वासना मिसळलेली आहे. हे उपकथानक नाटकात उपरे आहे, असे म्हणतात. मला ते आतलेच वाटते. रामलाल थेंबभर पीत नाही. तो सगळ्यांना उपदेश करतो. आणि तरी त्याचाही एक ‘एकच’ आहे. एकच दृष्टी टाकली, एकदाच हात डोक्यावरून फिरवला, मुलीच्याच मायेने तर फिरवला! उपदेश करणाऱ्याचा भ्रम प्याल्याशिवायचा असतो, म्हणून त्याला वास येत नाही. पांढरा फेटा बांधून पन्नास वर्षे उपदेश केलेल्या माणसाने हे पात्र दोनदा वाचावे. मी तीनदा वाचले.

नावांची एक गंमत सांगतो. सुधाकर म्हणजे चंद्र, सुधेची खाण. सिंधू म्हणजे समुद्र. समुद्रमंथनाची कथा आठवा. चौदा रत्नांत चंद्र निघाला, अमृत निघाले, त्याच पाण्यातून सुरा निघाली आणि हलाहलही त्यातलेच. सुधेचे नाव धारण करणारा माणूस सुरेने सुरुवात करतो आणि विषाने शेवट. सिंधूचा भाऊ पद्माकर. दारूच्या तावडीतून सुटून पुन्हा उभा राहणारा तरुण भगीरथ, आणि भगीरथाचे काम कोणते ते तुम्हाला सांगायला नको. तळीरामाच्या बायकोचे नाव गीता आहे. तिच्याकडे मी शेवटी येतो. हलाहल प्यायला मंथनाच्या वेळी महादेव पुढे आले होते. या नाटकात कोणीच पुढे येत नाही. शुद्धीवर आलेला सुधाकर पिणे सोडण्याचा निश्चय करून प्रतिष्ठितांच्या दारोदारी काम मागत फिरतो, आणि ते त्याला झिडकारतात. माझ्या मते नाटकातला सर्वांत भयंकर प्रसंग हाच. मूल मरते तो नव्हे. सुटू पाहणाऱ्याला ज्यांनी परत ढकलले ते सगळे न पिणारे होते.

आता सिंधू.

जात्यावर बसलेली सिंधू हे मराठी रंगभूमीवरचे सर्वांत रडवणारे चित्र असेल. कीर्तनात मी तिथे गाडी हळू करायचो. पखवाजवाला थांबायचा, वीणेकऱ्याचे डोळे भरायचे, बायका पदर तोंडाला लावायच्या. फौजदारासमोर ती खोटे बोलते त्या प्रसंगावर मी आवाज बसवून म्हणायचो, पाहा पतिव्रतेचे सामर्थ्य, मरतानाही नवऱ्यावर डाग येऊ दिला नाही! मग विठ्ठलनामाचा गजर. रडवले की बिदागीही वाढते, हे कबूल करायला आता लाज कसली?

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात असेच झाले. कीर्तन उतरल्यावर पाया पडायला रांग लागली. एक बाई शेवटपर्यंत थांबली. तिशीची असेल. कपाळापर्यंत पदर ओढलेला.

“म्हाराज, त्या शिंदूनं फौजदाराला खोटं सांगितलं, त्ये बरुबर का वो?”

मी म्हणालो, “नवऱ्याला वाचवले तिने, बाई. ते खोटे नव्हे, ते पुण्य.”

ती पाया पडली आणि गेली. पदर का ओढला होता हे मी विचारले नाही. वरच्या गावाला दुसऱ्या दिवशीचे कीर्तन होते, गाडी उभी होती.

पुढे सात-आठ वर्षांनी आषाढीच्या वाटेवर, फलटणच्या मुक्कामात, एक बाई माझ्या समोर येऊन बसली. डावा हात कोपरात वाकडा, सरळ होत नव्हता. तिने ओळख सांगितली तेव्हा मला काहीच आठवेना. तिनेच आठवण करून दिली, सिंधूचा प्रश्न विचारणारी ती मी. माझ्या त्या उत्तरानंतर सहा महिन्यांनी नवऱ्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने तिचा हात मोडला होता. डॉक्टरांनी विचारले, कसे झाले? पोलीसही येऊन बसला. तिने सांगितले, उंबऱ्याला अडखळून पडले.

“तुमच्या शिंदूगत बोलले, म्हाराज. मग घरी आले. आनि मग पुन्ना दोन वर्सं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने मला चहा आणून दिला. माझ्या घशाखाली तो उतरेना.

त्या रात्री तंबूत झोप लागली नाही. सिंधू नव्याने डोळ्यांपुढे येऊ लागली. सुधाकराला दोरीचा साप दिसला हे मी किती तरी वर्षे जाणत होतो. सिंधूला सापाची दोरी दिसत होती, हे मला कधी दिसलेच नव्हते. तिचाही भ्रमच होता, फक्त उलटा. समोर साप आहे, तो डसतो आहे, मूल त्याच्या टप्प्यात आहे, आणि ती म्हणते आहे, ही तर माझी जन्माची गाठ बांधणारी दोरी. शास्त्र भ्रमाला भ्रम म्हणते. तो गोड आहे की कडू, यावर त्याचे नाव बदलत नाही. एका वस्तूवर दुसरीचा आरोप करणे म्हणजे अध्यास. प्याल्यावर विसराचा आरोप करणारा सुधाकर जितका चुकला, तितकीच माणसावर देवाचा आरोप करणारी सिंधू चुकली. एकाला आम्ही दारुडा म्हटले, दुसरीची पूजा केली.

त्या जात्याकडेच पाहा. आपल्या जनाबाईही दळायच्या. पण जनाबाईंच्या जात्याला दुसरा हात विठ्ठलाचा असे, ही आपली श्रद्धा आहे. दळण जड झाले की त्यांना हाक मारायला कोणी तरी होते. सिंधूने देवाची जागा नवऱ्याला दिली, आणि तिचा तो देव मदिरा मंडळात बसलेला. तिच्या खुंट्याला एकच हात. ‘एकच’ हा शब्द इथेही येऊन बसतो, माउली, मी ओढून आणलेला नाही.

कोणी म्हणेल, बुवा म्हातारपणी पतिव्रताधर्म मोडायला निघाले. त्यांना मी संत बहिणाबाईंची आठवण देतो. तुकोबांच्या या शिष्येने पातिव्रत्यावर सांगायचे ते सांगितले, नवऱ्याची सेवाही केली. त्याच बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांत नवऱ्याने आपल्याला मारले, बांधले, हेही सांगून ठेवले. सतराव्या शतकातली बाई आहे ती. तिने ‘मी उंबऱ्याला अडखळले’ असे सांगितले नाही. झाले ते झाले तसे सांगितले, आणि विठोबाला तर क्षणभर सोडले नाही. आपल्या परंपरेत मार खाल्ल्याचे खरे सांगणारी बाई संतपदाला पोचली आहे. मग कीर्तनात आम्ही खोटे सांगणारीच का निवडली? मला तरी याचे उत्तर एवढेच मिळते की खोटे सांगणारी जास्त रडवते.

गडकऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. त्यांनी सिंधूला शेवटपर्यंत पूज्य ठेवले, तिच्याविरुद्ध एक अक्षर लिहिले नाही. तरी नाटकाचा हिशोब तिच्या बाजूने लागत नाही, आणि तो हिशोब त्यांनी खोटा करून दाखवला नाही. तिने खोटी जबानी दिली म्हणून सुधाकर फाशीपासून वाचला असेल, पण त्याच घडीला त्याने विष घेतले. मूल गेले, ती गेली, तो गेला. तिच्या सहनशीलतेने एकाचाही जीव राखला नाही. लेखकाची भक्ती एकीकडे आणि नाटकाचे सत्य दुसरीकडे, असे मोठ्या लेखकाच्या हातून घडते. लहान लेखकाने सुधाकराला शेवटच्या अंकात माळ घालून पंढरीला नेले असते. आम्ही कीर्तनकार तसे करतो. एका कीर्तनकाराने दृष्टांत सांगताना सुधाकर बरा होतो असा शेवट जोडलेला मी ऐकला आहे. ऐकणाऱ्यांना फार आवडला.

आणि गीता. तळीरामाची ही बायको फार शिकलेली नाही, नाजूक नाही, तिच्यासाठी कोणी रडत नाही. ती नवऱ्याला दारुडा म्हणते, तोंडावर म्हणते, चारचौघांत म्हणते. सापाला साप म्हणणारे नाटकातले पात्र तेच. आमच्या गावच्या प्रयोगात गीतेचे काम एका विनोदी नटाला दिले होते आणि ती बोलू लागली की लोक हसायचे. पुढे कोल्हापूरला केशवराव भोसले नाट्यगृहात मी हे नाटक पाहिले तेव्हाही तिच्या तोंडाळपणावर लोक हसलेच, मीही हसलो. शाहू महाराजांनी उभारलेल्या त्या नाट्यगृहाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा मला बालगंधर्व, केशवराव यांच्याआधी का कोण जाणे, ते हसू आठवले. कुरुक्षेत्रावर सांगितलेल्या गीतेचेच नाव या बाईला आहे, आणि पन्नास वर्षांत मला तिच्यावर कीर्तनात एक वाक्य बोलावेसे वाटले नाही.

गळा पुरता जाण्याआधी एका सप्ताहात मी ते बोललो. व्यसनमुक्तीचाच दिवस होता. जाते घेतले नाही, फौजदार घेतला नाही, गीता घेतली. कीर्तन रंगले नाही. कोणी रडले नाही, गजर थंडच झाला. उतरल्यावर एक जुना टाळकरी जवळ आला आणि म्हणाला, “म्हाराज, शिंदू न्हाई आली आज?” मी म्हणालो, “नाही आली.” तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “माजी थोरली लेक सासरास्नं आलीया. परत धाडायची का, ह्येच इच्यारात हाय मी.” आम्ही दोघे देवळाच्या पायरीवर बसून बराच वेळ बोललो. काय बोललो ते त्याच्या घरचे आहे, इथे लिहीत नाही.

फलटणच्या मुक्कामात भेटलेली ती बाई अजून दरवर्षी वारीला येते. आता माहेरच्या गावात राहते, तिथल्या भजनी मंडळात आहे. डावा हात वर उचलत नाही, म्हणून एक टाळ मांडीवर उताणा ठेवते आणि दुसरा उजव्या हाताने त्यावर वाजवते. ताल कधी चुकत नाही.